परसातला कोबा

कोंबड्यांचं आणि माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी रामजी, महाडच्या कचेरीत तेहतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. मला फाइल कळते, आवक-जावक कळते, अर्जात माणूस कुठे थाप मारतोय ते त्याच्या अक्षरावरून कळतं. कोंबडी मात्र समोर येऊन मान वाकडी करून बघायला लागली, की आपलंच काहीतरी चुकलंय असं मला वाटू लागतं. आमच्याकडे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. ती सगळी फौज चंपाची.

चंपा म्हणजे चंपाबाई, माझी बायको. गेल्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला ती मागीलदारी पडली. मोरीचं पाणी जिथे बाहेर यायचं तिथे अळूचा वाफा होता, बारा महिने ओला. भरदुपारी तिथे तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आली, आणि तिसऱ्या आठवड्यात गेली. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं, मी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. आमच्या सुहासने वाचलं नाही. माझ्या मुलाच्या डोक्यात कारण पक्कं होतं. त्याच्या आईला त्या चिखलाने नेलं.

सुहास एमआयडीसीतल्या कारखान्यात ऑपरेटर आहे. बोलायला कमी, कामाला वाघ. यंदा चंपाच्या वर्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला तेव्हा त्याने चार दिवस रजा टाकली. अळू उपटलं, केळीचे गड्डे खणून काढले, मोरीला पाइप जोडून पाणी शोषखड्ड्यात सोडलं आणि मागच्या दारापासून कुंपणापर्यंत सगळा कोबा करून टाकला. मिस्त्री बोलावला नाही. सिमेंट त्याने कालवलं, थापी त्याने मारली. मी म्हटलं, "एवढा कशाला रे?" तर मान वर न करता म्हणाला, "आता इथं कोण पडायचं नाय." मी वाळूचं घमेलं त्याच्यापुढे सरकवलं.

वीस मार्चला आम्ही नेहमीप्रमाणे चवदार तळ्यावर जाऊन आलो, सव्वीसला घरी कार्यक्रम झाला. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मुंबईची मंडळी आली होती, त्या कोब्यावर दोन पंगती उठल्या आणि कुणाच्या पायाला माती लागली नाही. सगळ्यांनी सुहासची पाठ थोपटली. मीही थोपटली, आणि अगदी मनापासून थोपटली.

एप्रिल लागला आणि अंडी बंद झाली.

चंपा गेल्यावर कोंबड्यांचं खातं माझ्याकडे आलं होतं. सून साक्षी अंगणवाडीत शिकवते, तिला सकाळी दम घ्यायला फुरसत नसते. म्हणून सकाळी खुराडं उघडणं, कण्या टाकणं, संध्याकाळी मोजून आत घेणं, हे सगळं मी करू लागलो. आवडीने नाही. पण घरात चंपाच्या मागे राहिलेली जिवंत अशी तेवढीच होती. साडी घडी करून कपाटात ठेवली की काम संपतं. कोंबडीला रोज सोडावं लागतं, रोज बोलवावं लागतं. त्यांना मी "ये ये ये" म्हणून हाक मारायचो तेव्हा आवाज चंपासारखा काढायचो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या माझ्या हातून मरता कामा नयेत, एवढं एकच मी स्वतःशी ठरवलं होतं.

आधी अंडी सातावरून तीनवर आली. मग जी मिळाली त्यांची कवचं इतकी पातळ, की बोट लावलं तर चेंबायची. मग तीही बंद. मी शेजारच्या आनंदीबाईंना कुंपणावरून म्हटलं, "सगळ्या खुडूक झाल्यात वाटतं." खुडूक म्हणजे कोंबडी अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसते तो प्रकार. तेवढं ज्ञान मला होतं, आणि ते पाजळायची हौसही.

आनंदीबाई सत्तरीच्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, अकराच्या अकरा एकदम खुडूक? संप केला काय त्यांनी? कोंबड्याला पन इचारा, तो पन बसलाय काय."

माझं ज्ञान मी गुपचूप घरात नेलं.

मग मी नीट लक्ष देऊ लागलो. दुपारी अकरानंतर त्या चोच उघडी टाकून धापा टाकत. पंख अंगापासून दूर धरून उभ्या राहत, घामेजलेला माणूस सदरा धरून उभा राहतो तशा. तुरे पांढुरके पडलेले. कण्या टाकल्या तर तोंड लावत नसत, पाणी मात्र पीतच राहत. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये आम्ही, आणि खाडीवरून येणारी हवा असून नसल्यासारखी. माणसं निदान तक्रार तरी करतात.

दत्ताराम म्हणून माझा मित्र गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालाय, पोलादपूरला असतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, कोंबडीला घाम येत नाही. तोंडाने वाफ टाकते तेवढीच. खाणं पहाटे आणि संध्याकाळी दे, भरदुपारी देऊ नको, पचवताना अंग आणखी तापतं. पाणी मातीच्या भांड्यात ठेव, दर तासाने बदल. सावली बघ. गोणपाट ओलं करून टांग."

मी कागदावर नंबर घालून सगळं लिहून घेतलं. परिपत्रकाचं पालन करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पहाटे पाचला कण्या. मातीची तीन परळं, दर तासाला पाणी. आंब्याखाली ओली गोणपाटं. कोबा तापतो म्हणून दुपारी त्याच्यावर दोन बादल्या पाणीही मारलं. पाणी चर्र करून पाच मिनिटांत वाळलं आणि वाफेने कोंबड्या आणखीनच धापा टाकायला लागल्या. परिपत्रकात ते नव्हतं, ते माझं स्वतःचं डोकं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कवडी मेली. अंगावर पांढरे ठिपके असलेली, चंपाच्या मागे मागे थेट चुलीपर्यंत येणारी. दुपारी मी झोपून उठलो तर कोब्यावर आडवी पडलेली होती, पाय ताठ. तीन दिवसांनी आणखी एक. साक्षी म्हणाली, "बाबा, उरलेल्या माझ्या माहेरी वरंधकडे पाठवूया का? तिथे गार असतं." चांगल्या मनाने म्हणाली, पण मी तिच्यावर खेकसलो. मग संध्याकाळी तिला चहा करून दिला. माफी मागायची माझी पद्धत तेवढीच आहे, आणि तिला ती कळते.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी झोपलो नाही. ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हे. निवृत्त झाल्यापासून जेवलो की साडेबाराला आडवा, तो तीनला उठायचो. त्या दिवशी मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि बघत राहिलो.

एक वाजायच्या सुमाराला सगळ्या कोंबड्या आंब्याची सावली सोडून उठल्या. ओळीने चालत मोरीच्या कोपऱ्यात आल्या. तिथे ऊन होतं. कोबा इतका तापलेला, की मी अनवाणी उभा राहिलो नसतो. तरी त्या तिथेच आल्या. चंपा जिला झिपरी म्हणायची ती पुढे झाली, पायाने कोबा उकरू लागली. नखांचा खरखर आवाज यायला लागला. मग ती एका कुशीवर पडली आणि पंखांनी अंगावर माती उडवू लागली. माती नव्हतीच. नुसत्या सिमेंटवर पडून ती पंख हलवत होती, मान घासत होती, उठून पुन्हा उकरत होती, पुन्हा पडत होती. तिच्या बाजूला आणखी दोघी तेच करायला लागल्या.

मला ते बघवेना. मी उठून कुंपणाशी गेलो आणि आनंदीबाईंना हाक मारली. विचारलं, "या कोपऱ्यात ह्या काय शोधतायत?"

त्या कुंपणापाशी आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चंपीला शोधतायत. दुसरं काय?"

"म्हणजे?"

"एक वाजला की ती बादली घेऊन यायची. अळवात पानी वतायची. मोरीचं पानी पुरत नाय म्हनायची. मग काठीनं कडंची माती मोकळी करून द्यायची. या सगळ्या ओल्या मातीत पोटं टेकून अळवाखाली बसायच्या, उन्हं उतरंपर्यंत. ती पन बसायची इथं, पाट घेऊन. बोलायची त्यांच्याशी." आनंदीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कवा कवा तुमच्यावर पन बोलायची."

"मला तिने कधी सांगितलं नाही."

"कवा सांगनार? कचेरीत होता तवा कचेरीत. घरी आलात तर झोपलेले."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. माझ्या बायकोची रोजची दुपार कशी जाते, हे मला शेजारणीकडून कळत होतं. चौतीस वर्षं संसार केला आणि दिवसातले ते दोन तास माझ्याकडे नव्हतेच. ती पडली त्या दिवशी तिच्या हातात बादली होती, हे मला आठवत होतं. बादली कशाला, हे मी वर्षभर कुणाला विचारलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ती नव्हती, पण निदान मोरीचं पाणी अळवात येत होतं. यंदा आम्ही तेही बंद केलं. तिच्याच नावाने केलं, आणि वरून एकमेकांची पाठ थोपटली.

उपाय काय तो समोर दिसत होता. पण कोबा सुहासने घातला होता. त्या चार दिवसांत मी त्याला बघत होतो. थापी मारताना तो ज्या जागेवर आई पडली तिथे दोनदा फिरला होता, आणखी गुळगुळीत करायला. आई गेल्यावर तो रडला नव्हता. जे काही होतं ते त्याने त्या कोब्यात घातलं होतं. आणि आता मी त्याला सांगायचं, की बाबा रे, हे फोडूया. त्या संध्याकाळी तो कामावरून आला, मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भाजीत मीठ जास्त आहे म्हणालो. साक्षीने शेवटी माझं ताट उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता झिपरी त्या कोपऱ्यात पडली. मी धावत गेलो, तिला उचललं. हातात निखारा धरल्यासारखी तापलेली. तिला बादलीत मानेपर्यंत बुडवून धरून ठेवलं. हृदय इतकं भरभर उडत होतं, की ते थांबलं तर मला आधी कळेल असं वाटलं. "नको गो, नको," मी म्हणत होतो. तिला म्हणत होतो की आणखी कुणाला, ते मला सांगता येणार नाही. दहा मिनिटांनी तिने डोळे उघडले आणि माझ्या मनगटाला चोच मारली. मी तिला घरात, लादीवर, पंख्याखाली ठेवली. आणि पडवीतून पहार घेऊन आलो.

त्रेसष्टाव्या वर्षी पहार चालवणं म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही. सुहासने सिमेंट हात राखून घातलं नव्हतं. पहार टणकन उडायची आणि माझे खांदे त्याचा हिशेब चुकता करायचे. अंगणवाडीतून आलेली साक्षी दारात उभी राहिली. "बाबा, ते येऊ देत. त्यांना विचारून करा."

"विचारलं तर तो हो म्हणेल," मी म्हणालो. "आणि मग आयुष्यभर मनात ठेवील. त्यापेक्षा माझ्यावर चिडू दे."

चारला सुहास आला. डब्याची पिशवी खांद्यालाच. तोपर्यंत माझ्याकडून परातीएवढा खड्डा पडला होता. तो त्या खड्ड्याकडे बघत उभा राहिला.

"काय करताय?"

"फोडतोय."

"ते दिसतंय मला." त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली. मग म्हणाला, "आई तिथंच पडली होती."

"हो. कोंबड्यांसाठी पाणी घेऊन आली होती. रोज यायची. त्यांना या मातीत गारवा मिळायचा. मी झोपलेला असायचो, मला माहीत नव्हतं. तुझा कोबा चांगला आहे सुहास, त्याला मी नाव ठेवत नाही. पण तिच्या कोंबड्या त्याच्यावर मरतायत."

"मग कोंबड्यांपायीच गेली ना ती." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि मी पुन्हा तोच चिखल करू?"

मी पहार टेकवून ठेवली. "हो, त्यांच्यापायी गेली," मी म्हणालो. "तिला आधी कुणी सांगितलं असतं, तरी ती बादली घेऊन आलीच असती. तू ओळखतोस तिला. मला ती आता परत मिळणार नाही रे. तिचं हे एवढं काम तरी माझ्याकडे राहू दे."

तो आत गेला. मला वाटलं, संपलं. आता हा महिनाभर बोलायचा नाही. मी पुन्हा पहार उचलली आणि परत ठेवली. उगाच खड्ड्याच्या कडेचे खडे वेचत बसलो. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि कितीतरी वेळ तो चालूच राहिला. पाण्याच्या आवाजात मुलगा रडतोय, हे बापाला कळतं.

तो बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. माझ्या हातातून पहार काढून घेतली. "बाजूला व्हा. असं फोडत नाय. कडेकडेनं उचलायचं."

दिवस मावळेपर्यंत त्याने अर्धा परस मोकळा केला. आधी खडूने रेघ ओढून घेतली. भिंतीलगतचा दोन फुटांचा कोबा त्याने तसाच ठेवला, अगदी सरळ, दारापासून मोरीपर्यंत. मोरीचा पाइप कापला. खालची माती वर आली, काळी, घट्ट दाबून बसलेली, आणि तिला अळवाचा तो ओला वास अजून होता. आनंदीबाईंनी कुंपणावरून अळूचे कांदे दिले आणि कुणी न विचारता ते कसे लावायचे तेही सांगितलं. सुहासने पहिली बादली ओतली. कोंबड्या लांबून बघत होत्या. मग एक आली, मग दुसरी. कोंबडा सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात चांगली जागा घेऊन बसला.

"बाबा, ऐका," सुहास म्हणाला. "तुम्ही मातीत पाय घालायचा नाय. या पट्टीवरनं जायचं, पट्टीवर उभं राहून पाणी वतायचं, पट्टीवरनं परत यायचं. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. कचेरीत साहेबांनाही मी इतक्या लवकर हो म्हटलं नव्हतं.

अंड्यांचं विचाराल, तर आठवड्याभराने दोन मिळाली, पातळ कवचाची. मे महिना कसाबसा जाईल, पाऊस पडला की सुधारतील, असं दत्ताराम म्हणतो. नाही सुधारल्या तरी माझी तक्रार नाही. धापा टाकायच्या कमी झाल्यात. नऊच्या नऊ आहेत.

पुढच्या रविवारी सुहासने कुठूनसा लोखंडी पाइप आणला. दोन टोकांना पट्ट्या जोडल्या, भिंतीला ड्रिल मारलं आणि त्या दोन फुटी वाटेच्या कडेने धरायला दांडा बसवून टाकला. मला बोलावलं नाही, टेप लावली नाही, नुसत्या अंदाजाने हात धरून खुणा केल्या आणि बोल्ट आवळले. काम झाल्यावर मला म्हणाला, "धरून बघा."

मी आमच्या वाडीत उंच गणला जातो. चंपा माझ्या खांद्यालाही पुरत नव्हती. दांडा धरायला माझा हात खाली गेला, आणखी खाली गेला, आणि मला कमरेतून वाकावं लागलं. सुहास बघत होता. त्याच्या लक्षात आलं, तसा त्याचा चेहरा उतरला. हातातलं ड्रिल त्याने खाली ठेवलं.

"जरा खाली लागला काय?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर लागलाय."

एक वाजला की मी बादली घेऊन निघतो आणि वाकून तो दांडा धरतो.